मुकादमिणीचं ऊन

मुकादमिणीला माणसं आवडत नसत. हे तिच्या तोंडावर सांगितलं असतं तरी तिला राग आला नसता. उलट म्हणाली असती, "कळलं ना? मग लांब उभी राहा, केस गळतात तुझे." अळंबीच्या सहा खोल्या तिच्या ताब्यात होत्या आणि त्यांत शिरणारं प्रत्येक माणूस म्हणजे दोन पायांवर चालत आलेली घाण, असं तिचं पक्कं मत होतं.

खुद्द मालकालाही ती दारातल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय आत घेत नसे. एकदा मालकाचे व्याही खोल्या बघायला आले. पायात नवेकोरे चामड्याचे बूट. बाई दारात आडवी.

"बुडवा."

"अहो, खराब होतील."

"मग बाहेरनंच वास घ्या आणि निघा."

व्याह्यांनी मुकाट्यानं बुडवले. मालकाचं तोंड कडू झालं, पण तो बोलला नाही. ही बाई आल्यापासून चार वर्षांत एकही खोली वाया गेली नव्हती, आणि आजूबाजूच्या अळंबीवाल्यांची दर उन्हाळ्यात बोंब असे.

अंगानं वाळक्या शेंगेसारखी, आवाजानं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. हात औषधानं भेगाळलेले. लग्न होऊन अकरा महिन्यांत ती एक ट्रंक घेऊन धाकट्या भावाच्या दारात परत आली होती, आणि का आली ते तिनं आजतागायत कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यानं तिला टाकलं की तिनं नवऱ्याला, यावर पैज लागली असती तर कुणीही नवऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं नसतं.

भाऊही अळंबीच्याच ठिकाणी बॉयलरवर होता. भावाची बायको, म्हणजे तिची भावजय, खोल्यांत अळंबी तोडायला. तिघं एकाच घरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. घरात चूल भावजयीची, तिथं ननंदेनं मिठाची बरणीसुद्धा हलवायची नाही. कामावर राज्य ननंदेचं, तिथं भावजय नऊ बायकांतली एक. त्यामुळं व्हायचं काय, की घरात गिळलेलं एकीनं कामावर ओकायचं आणि कामावर गिळलेलं दुसरीनं घरी. भाऊ मधे. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी मिळून माझं डोकंच उकडता. बॉयलर कशाला पेटवायचा, मलाच बसवा पाइपाला."

खोल्यांचं काम बघायला सोपं, करायला चिवट. लोखंडी मांडणीवर पाच पाच मजले. त्यात कुजवून, वाफेवर उकडून तयार केलेलं खत. खतात अळंबीचं बियाणं. दोन आठवड्यांत खतभर पांढरे धागे पसरतात, दह्याला विरजण लागावं तसे. मग वर उकडलेल्या मातीचा थर, आणि त्या मातीतून गुंड्या फुटतात. तोडा झाला की आठवड्यानं पुन्हा तोडा. चार तोडे झाले की खोली म्हातारी झाली. मग तिला आतल्या मालासकट वाफ देऊन उकडायची, खत बाहेर फेकायचं, धुवायची आणि नव्यानं भरायची.

आणि चालीचा नियम एकच. सकाळी शिरायचं ते सगळ्यांत कोवळ्या खोलीत. तिथून चढत्या वयानं पुढं, म्हातारी शेवटी. म्हातारीतून निघालेल्या बाईनं त्या दिवशी कोवळीत पाय ठेवायचा नाही, आत आग लागली तरी. चष्मेवाली म्हणून एक तोडणारी होती, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "बाई, मग आमची पण वयानं रांग लावा की. तुम्ही शेवटी."

"मी शेवटीच असते. तुम्ही केलेली घाण बघायला."

हा सगळा बंदोबस्त कशासाठी, तर किड्यासाठी. कागदावर त्याचं नाव सूत्रकृमी. बायका नुसतं किडा म्हणायच्या, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. डोळ्याला दिसत नाही, केसाहून बारीक, लांबी नखाच्या कडेएवढीसुद्धा नाही. तोंडात सुई असते त्याच्या. अळंबीच्या पांढऱ्या धाग्यात ती सुई खुपसतो आणि आतला रस पितो. आठवड्या-दोन आठवड्यांत एकाचे शेकडो होतात. धागे विरळ होतात, तुटतात, नाहीसे होतात. खत काळं पडतं, ओलं होऊन बसतं, आणि दवाखान्याच्या मोरीसारखा वास सुटतो. गुंड्या फुटल्याच तर पिवळ्या, मग तपकिरी, हात लावला की चिकट.

बाईचा एकट्या वाफेवर भरवसा नव्हता. तिचा खरा भरवसा उन्हावर. मांडणीतल्या खतावर ओल धरून ठेवायला गोणपाटं टाकावी लागत. बियाणं पेरल्यावर टाकायची, आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या खोल्यांतही दोन तोड्यांच्या मधे टाकायची. खोली उकडायच्या आदल्या दिवशी बाई ती सगळी गोणपाटं काढून घेई. वाफेत ती चार वेळांतच कुजून चिंध्या होतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे, अंथरुणातला ढेकूण, धान्यातला पोरकिडा, डाळीतली अळी, जन्मभर तिनं सगळं उन्हानंच मारलं होतं. गोणपाटं धुवायची, गच्चीच्या पत्र्यावर आठ दिवस टाकायची, दिवसातून दोनदा उलटायची. वाळून पापड झाली की नव्या खोलीत. तो पत्रा असा तापायचा की वर कावळा बसत नसे. मालक एकदा म्हणाला होता, "बाई, वाफेतच टाका की तीही." तिनं त्याला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि म्हणाली, "ठेवा हात पत्र्यावर." मालकानं ठेवला आणि लगेच काढला. विषय संपला.

त्या उन्हाळ्यात तीन नंबरची खोली बसली.

बियाणं पेरून बारा दिवस झाले होते. बाईनं गोणपाट उचललं आणि तिथंच थांबली. पांढऱ्या जाळीत ताटाएवढं काळं भोक. शेजारी आणखी एक. तिनं टॉर्च आडवी धरली. खताचा पृष्ठभाग चमकत होता, बारीक हलत होता, मंद आचेवर काहीतरी शिजावं तसा. हजारो किडे एकमेकांना वेटाळून, झुबक्यानं वर उठून डुलत होते. एकटा दिसत नाही, पण झुंड झाली की अशी चमकते.

बाईनं नऊच्या नऊ जणींना दारात उभं केलं.

"कोण चुकलं?"

एकीनं नखं पदराखाली लपवली.

"मी विचारते कोण चुकलं. हा किडा उडत येत नाही. कुणाच्या तरी अंगावर बसून आलाय."

चष्मेवाली इकडंतिकडं बघत म्हणाली, "मागच्या आठवड्यात वहिनी गेली होती बाई. सहा नंबरातनं तीनमध्ये. बियाण्याच्या पिशव्या कापलेली सुरी राहिली म्हणून."

सगळ्यांच्या माना भावजयीकडं वळल्या. भावजय उंच, अंगानं भरलेली, सहसा भांडण अंगावर न घेणारी. ती म्हणाली, "गेले होते. दारातनंच हात घालून घेतली. पाय बुडवले होते मी."

"सहातनं तीनात?" बाईचा आवाज चढला. "उलटी?"

"सुरी हरवली म्हणून मागच्या खेपेला तुम्हीच बोंब मारली होती वन्सं. म्हणून आणायला गेले."

"पाय बुडवलेस. आणि हात? पदर?"

"दारातनं घेतली म्हणतेय ना!"

"घाणेरडी!" बाई म्हणाली. "घाणेरडी बाई. घरातही तशीच आणि इथंही तशीच. हिनं आणला किडा. हिला आजपासून आत घ्यायचं नाही."

मालकाला खोली गेल्याचा राग होताच, तो कुणावर तरी काढायचा होता. संध्याकाळी भावजयीचं काम गेलं. बॉयलरपाशी भावानं बहिणीला विचारलं, "ताई, तू बघितलंस का तिला आत शिरताना?"

"किडा बघितला. पुरे."

त्यानंतर घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन्हीकडून आवाज निघतो. भावजय ताट वाढायची आणि म्हणायची, "घ्या. हात धुतलेत, पाय धुतलेत, विहिरीत उडी मारून आलेय." बाई जेवायची. भावजय गल्लीत नळावर गेली की बायका बोलायच्या थांबत. अळंबीवाल्या तोडणाऱ्याच त्या, निम्म्या शेजारी राहणाऱ्या. तिच्या बादलीशेजारी बादली ठेवायला एकीनं मागंपुढं बघितलं. ते तिनं घरी येऊन सांगितलं नाही, पण त्या दिवशी भात करपला.

तीन नंबर उकडून काढली. अकरा दिवसांनी दोन नंबर बसली. तशीच काळी भोकं, तसाच वास, तशीच चमक. भावजय खोल्यांच्या आसपाससुद्धा फिरकली नव्हती.

चष्मेवाली म्हणाली, "वहिनी स्वप्नात येऊन गेली असेल." बायका फिसकन हसल्या. बाईनं तिला दिवसभर खत वाहायला लावलं, पण हसू काही मागं गेलं नाही.

मग मालकानं शेतकी खात्यातला एक तपासणारा बोलावला. तरुण, किडकिडीत, गळ्यात भिंग लटकवलेला. बायकांनी दुपारपर्यंत त्याचं नाव भिंगवाला ठेवलं. त्याची तऱ्हा साधी. काचेचं नरसाळं, खाली रबरी नळी, नळीला चिमटा. नरसाळ्यात पातळ कापडात बांधून खत ठेवायचं, वरून पाणी सोडायचं आणि सकाळपर्यंत तसंच ठेवायचं. किडा वळवळत कापडातून पाण्यात उतरतो आणि तळाशी साचतो. चिमटा सोडून चार थेंब काचेवर घ्यायचे की सगळं भिंगाखाली. त्यानं नवं खत तपासलं. साफ. माती साफ. टाकीतलं पाणी साफ. सुऱ्या, टोपल्या, खोल्यांतल्या माशा, सगळं साफ.

"तुम्ही आत असं काहीतरी नेताय," तो मालकाला म्हणाला, "जे उकडत नाही."

बाई मागंच उभी होती. "सगळं उकडतं."

"सगळं?"

"गोणपाटं सोडून. ती उन्हात. आठ दिवस. पत्र्यावर."

भिंगवाल्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. "हा किडा वाळतो बाई, मरत नाही. गुंडाळी करून, एकमेकांना धरून पडून राहतो. महिने महिने राहतो. पाणी लागलं की उठतो."

"उन्हात वाळलेलं उठायला लागलं," बाई म्हणाली, "तर वाळलेली मासळी ताटातनं पळून जाईल."

मालक हसला. भिंगवाला हसला नाही. त्याला दुसरीकडं जायचं होतं. म्हणाला, "गुरुवारी येतो, तेव्हा गोणपाटाचा तुकडा घेईन. तोवर हे नरसाळं आणि एक भिंग ठेवून जातो. तुम्हीच बघा."

बाईनं बघितलं. कुणाला न सांगता, सामानाच्या खोलीत दार लावून. ढिगातलं सगळ्यांत कडक गोणपाट तिनं निवडलं, घडी केली तर मोडेल असं. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून पाण्यात ठेवला आणि दिवसभर बायकांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडली. दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आधी चिमटा सोडला, थेंब काचेवर घेतले, खालून टॉर्च धरली आणि भिंगाला डोळा लावला.

आधी काहीच नाही. मग एक सरळ बारीक काडी. काडी वाकली. उलट बाजूला वाकली. शेजारी दुसरी. मग ती ज्याला धूळ समजत होती ते सगळंच वाकायला लागलं.

तिनं काच धुतली आणि ढिगाच्या तळातलं दुसरं गोणपाट कापलं. पुढच्या सकाळी त्यातही तेच. तिसरंही तसंच. चार वर्षं तिनं ज्याला ऊन दाखवून मारलं होतं, ते फक्त झोपत होतं. म्हातारीतली गोणपाटं ती स्वतःच्या हातानं काढत होती, स्वतःच्या हातानं झोपवत होती, आणि स्वतःच्याच हातानं पाणी शिंपडून कोवळीत जागं करत होती. आधीच्या वर्षांत म्हातारीत किडा नव्हता म्हणून निभावलं. यंदा कुठून तरी एक आला आणि त्याला तिनं सगळ्या खोल्या फिरवून आणलं.

तो बुधवार होता. भिंगवाला उद्या येणार. बाई गच्चीवर गेली. ढीग समोर, काडेपेटी कमरेला. काडी ओढली की गोणपाटं गेली, तुकडा घ्यायला काही उरलं नाही, आणि किडा कायमचा भावजयीच्या पायाचा राहिला. ओढली असती का? ओढलीच असती, असं ती नंतर स्वतःच म्हणाली. भावजयीची दया आली म्हणून हात थांबला असं कुणी म्हटलं तर ती त्याच्या अंगावर धावून जाईल. झालं ते वेगळंच. काडी हातात धरली आणि तिच्या डोक्यात आलं, की मी आज गप्प बसले तर ह्या नऊजणी उद्या दुसऱ्याच्या खोल्यांत जातील, तिथंही गोणपाटं उन्हात टाकतील, आणि म्हणतील, मुकादमिणीनं शिकवलंय. किडा माझं नाव घेऊन गावभर हिंडेल. भावजयीवर तिचा राग होता खरा. पण किड्यावरचा राग जुना होता आणि मोठा होता.

ती मालकाकडं गेली आणि भिंग त्याच्या पुढ्यात ठेवलं. मालकानं बघितलं, डोकं खाजवलं.

"जाळून टाका. बायकांना सांगू नका. तुमचा वचक जाईल, मग माझ्या खोल्या कोण सांभाळणार?"

"आणि माझी भावजय?"

"तिच्या जागी आलीय एक. घ्यायची तर घ्या परत, माझं काही नाही. पण मी कुणाच्या दारात जाणार नाही."

संध्याकाळी बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आत गेली नाही. भावजय भांडी घासत होती, भाऊ कोपऱ्यात पेपर उलटा धरून बसला होता.

"उद्यापासून कामावर ये."

"का? पायांचा तुटवडा पडला?"

"किडा गोणपाटात होता."

भावजयीचा हात थांबला. "गोणपाटं कोण वाळवतं?"

"मी."

"म्हणजे किडा तुमचा."

"माझा."

भावजयीनं पातेलं उपडं घातलं. "हे मला इथं कशाला सांगताय वन्सं? इथं भिंती आहेत आणि हे आहेत. दोघांच्याही तोंडातनं शब्द फुटत नाही. घाणेरडी कुठं म्हणालात? दारात. सगळ्यांसमोर. तिथं सांगा."

भाऊ म्हणाला, "अगं, ताई एवढं बोलली हेच…"

"तुम्ही पेपर सरळ धरा आधी."

बाई उंबऱ्यावरनं मागं वळली. मग म्हणाली, "सातला ये. उशीर केलास तर सांगणार नाही."

भावजय पावणेसातलाच आली, धुवट कपडे घालून, केस चापून बांधून. बाईनं सगळ्यांना दाराबाहेर रांगेत उभं केलं. स्टुलावर काच, खाली टॉर्च. एकेकीला पुढं ओढून भिंगाला डोळा लावायला लावला. "बघ. हललं? पुढची." एक जण ओरडून मागं सरली, तिला पुन्हा बघायला लावलं. सगळ्यांचं झाल्यावर बाई बोलली. पाठ केल्यासारखं, कुणाच्याच तोंडाकडं न बघता.

"हे गच्चीवर आठ दिवस वाळलेलं गोणपाट आहे. मी वाळवलं. मीच ओलं करून तीनवर टाकलं, आणि मीच दोनवर टाकलं. उन्हानं हा मरत नाही. डोक्यात ठेवा, जिथं जाल तिथं सांगा. हिच्या पायानं काही आलेलं नाही. हिला मी घाणेरडी म्हणाले, ते खोटं होतं."

चष्मेवालीनं चष्मा वर सारला. "मग बाई, घाणेरडं कोण?"

"मी," बाई म्हणाली. "झालं पोट थंड? उकडलेल्या गोणपाटाशिवाय दुसरं काही आता आत जाणार नाही. चिंध्या झाल्या तर नवी आणू."

मग ती भावजयीकडं वळली. "उभी काय राहिलीस? टोपली घे."

"टोपली नको," भावजय म्हणाली. "मी येत्या सोमवारपासून बिस्किटांच्या कारखान्यात लागतेय, डबे भरायला. तिथं बसायला स्टूल देतात."

"मग आलीस कशाला?"

"ऐकायला."

ती वळली आणि चालायला लागली. फाटकापाशी गल्लीतल्या दोघी शेजारणी भेटल्या. त्यांना थांबवून तिनं काहीतरी सांगितलं, हात हलवून, सावकाश, एकही शब्द न गाळता. त्या दोघींनी खोल्यांच्या दाराकडं मान वळवून बघितलं. बाईला ते ऐकू आलं नाही, पण कळायला ऐकावं लागत नव्हतं.

"चला," ती बायकांवर खेकसली. "कोवळी आधी. नखं दाखवा."

नेहमीप्रमाणं हात पुढं झाले. बाईनं एकेकीचे उलटेपालटे करून बघितले आणि आत सोडलं. शेवटी चष्मेवाली. तिचे हात स्वच्छ होते. पण ती आत गेली नाही. दारातच उभी राहिली, शांतपणे, आणि म्हणाली, "बाई, तुमची?"

आतल्या बायका थबकल्या. बाईनं डोळे असे वटारले की कुणी दुसरी असती तर पळाली असती. चष्मेवाली उभीच. मग बाईनं हात पुढं केले. चष्मेवालीनं ते धरले, उजेडाकडं नेले, बोटं एकेक करून तपासली.

"डाव्या अंगठ्याखाली काळं आहे."

"गोणपाटाचं आहे, कालचं."

"असू दे. धुऊन या."

बाई नळावर गेली. ब्रश घेऊन अंगठा घासला, घासता घासता चष्मेवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मालकाचा केला, भिंगवाल्याचा केला, बिस्किटांच्या कारखान्याचाही केला. आत सगळ्याजणी टोपल्या घेऊन तिची वाट बघत उभ्या होत्या. त्या दिवशी पहिल्या खोलीचा तोडा पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.